वेफर धुणारा आवाज: मेगासॉनिक टाकीत नेमकं काय चालतं?

गारपीट (धागाकर्ती)

धोलेऱ्याच्या फॅबवरचा (गुजरातेतल्या चिपच्या कारखान्यावरचा) आधीचा धागा लिथोग्राफीपाशी, म्हणजे प्रकाशाने नक्षी उमटवण्यापाशी सुरू झाला आणि तिथेच घुटमळत राहिला. चिप बनवताना वेफरवर होणाऱ्या शेकडो प्रक्रियांपैकी जवळपास तिसरा हिस्सा धुण्या-वाळवण्याचा असतो, पण त्यावर कुणी चकार शब्द काढला नाही. माझी बहुतेक नोकरी सिंगापूरला वेट बेंचवर, म्हणजे रसायनांच्या टाक्यांपाशी झाली. म्हणून हा वेगळा धागा. विषय एकच घेते: पाण्यात ध्वनिलहरी सोडून वेफर धुणं, म्हणजेच मेगासॉनिक क्लीनिंग.

मुळात हे धुणं अवघड का? वेफर म्हणजे ३०० मिलिमीटर व्यासाची, पाऊण मिलिमीटरहून किंचित जाड अशी सिलिकॉनची चकती. तिच्यावरचा ०.१ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) सिलिकाचा कण घ्या. त्याला पृष्ठभागाशी धरून ठेवणारं व्हॅन डर वाल्स बल (अगदी जवळच्या रेणूंमधलं आकर्षण) त्याच्या स्वतःच्या वजनाच्या काही कोटी पट असतं. वेफर उलटा करा, झटका, काही होत नाही. त्यात आणखी मेख अशी की कण लहान होत गेला की चिकटून ठेवणारं बल व्यासाच्या प्रमाणात घटतं, पण वाहत्या पाण्याचा रेटा व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. म्हणजे जितका कण बारीक, तितका तो हट्टी.

मग पाणी जोरात मारावं, तर तेही एका मर्यादेपलीकडे उपयोगाचं नाही. वाहतं पाणी पृष्ठभागाला जिथे टेकतं तिथे त्याचा वेग शून्य असतो, आणि त्याला लागून मंद पाण्याचा एक थर असतो. घरातला पंखा दिवसभर गरगरतो तरी पात्यावर धूळ साचतेच, ती अशाच थराच्या आडोशाने. टाकीतल्या साध्या प्रवाहात हा थर मिलिमीटरच्या घरात जातो. ०.१ मायक्रॉनचा कण त्याच्या तळाशी निवांत बसलेला असतो, वरून कितीही पाणी वाहू दे.

ध्वनीची करामत इथे आहे. पाणी एका दिशेने वाहण्याऐवजी पुढे-मागे थरथरू लागलं की मंद थराला जाड व्हायला वेळच मिळत नाही. ४० किलोहर्ट्‌झला त्याची जाडी तीन मायक्रॉनच्या आत येते आणि १ मेगाहर्ट्‌झला अर्ध्या मायक्रॉनच्या जरा वर. ढवळलेलं पाणी कणाच्या अगदी जवळ येऊन पोचतं. मेगासॉनिकची वारंवारता ८५० किलोहर्ट्‌झपासून पुढे ठेवण्याचं एक मोठं कारण हेच.

थोडा इतिहास. वेफर धुण्याची जी पाककृती आजही जगभर पायाभूत मानतात ती वर्नर कर्न यांनी १९६५ मध्ये अमेरिकेच्या आरसीए कंपनीत बसवली आणि १९७० मध्ये डेव्हिड प्वोटिनन यांच्यासह प्रसिद्ध केली. पहिल्या टाकीत अमोनिया, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि पाणी, १:१:५ प्रमाणात, ७५-८० अंश सेल्सिअसला, ही एससी-१. दुसरीत हायड्रोक्लोरिक आम्ल, पेरॉक्साइड आणि पाणी. ती एससी-२, धातूंसाठी. त्याच आरसीएमध्ये आल्फ्रेड मायर आणि स्टॅन्ली श्वार्ट्झमन यांनी सत्तरच्या दशकात या टाकीला ध्वनीची जोड दिली. पेटंट १९७५ चं, शोधनिबंध १९७९ चा.

एससी-१ आणि ध्वनी यांची जोडी का जमली हे सांगायलाच हवं. पेरॉक्साइड सिलिकॉनवर पातळ ऑक्साइड चढवतं, अमोनिया तो खात राहतो, म्हणजे कणाच्या पायाखालची जमीन सरकते. शिवाय अल्कधर्मी द्रावणात सिलिका आणि वेफर दोघांच्याही पृष्ठभागावर ऋण भार येतो आणि ते एकमेकांना दूर लोटतात. एकदा सुटलेला कण परत बसत नाही. ध्वनीचं काम पहिला धक्का देण्याचं, रसायनाचं काम त्याला परत येऊ न देण्याचं. ध्वनीमुळे द्रावण खूप पातळ आणि कमी तापमानाचं केलं तरी चालू लागलं. ते फार बरं झालं, कारण तीव्र गरम अमोनियाने वेफरचा पृष्ठभाग खडबडीत होतो.

टाकीची रचना लक्षात ठेवण्यासारखी आहे. रसायन असतं क्वार्ट्‌झच्या आतल्या टाकीत. ती बाहेरच्या पाण्याच्या टाकीत बसवलेली. बाहेरच्या टाकीच्या तळाला पीझेडटी या सिरॅमिकच्या पट्ट्या चिकटवलेल्या. विजेने त्या कंप पावतात, ध्वनी बाहेरच्या पाण्यातून क्वार्ट्‌झमध्ये आणि तिथून रसायनात जातो. क्वार्ट्‌झच्या तळाची जाडी मनाला येईल ती घेत नाहीत. ९५० किलोहर्ट्‌झला त्यातली अर्धी तरंगलांबी साधारण ३ मिलिमीटर येते, त्या हिशोबाने घेतली तरच ध्वनी नीट आरपार जातो. तळ थोडा तिरका असतो, कारण सपाट ठेवला तर खाली बुडबुडे जमतात आणि हवेच्या त्या थराने ध्वनी तिथेच परततो. वेफर कॅसेटमध्ये, म्हणजे त्यांना धरणाऱ्या चौकटीत, उभे, ध्वनी खालून वर, त्यांच्या पृष्ठाला समांतर.

टाकी सुरू केली की पट्ट्यांच्या बरोबर वर पाण्याचा पृष्ठभाग उचलला जातो, बोटभर रुंदीचा उंचवटा तयार होतो आणि त्याच्या टोकावरून धुकं उडतं. एकही पट्टी मेली तर त्या जागचं पाणी सपाट दिसतं. नवीन मुलांना मी आधी मीटर दाखवत नसे. पाण्याकडे बघायला लावत असे.

आडवाटेचा

वाचतोय. इतक्या सोप्या भाषेत पहिल्यांदाच वाचलं. एक शंका: ही टाकी चालू असताना आवाज येतो का?

गारपीट

मेगासॉनिक टाकी मुकी असते. ४० किलोहर्ट्‌झच्या अल्ट्रासॉनिक टाकीतून मात्र सुसू-चरचर ऐकू येते. तो मूळ ध्वनी नव्हे (तो आपल्या ऐकण्यापलीकडचा), फुटणाऱ्या बुडबुड्यांचा तो कल्लोळ.

चांदीवाला_हुपरी

ताई, लेख आवडला. आमच्याकडं हुपरीत घरोघरी चांदीचं काम. पैंजण, छल्ले पॉलिश झाल्यावर सांध्यात मळ अडकतो, तो काढायला आम्ही अल्ट्रासॉनिक मशीन वापरतो, ४० किलोहर्ट्‌झचं. मोती आणि पाचूचे दागिने त्यात घालत नाही, पाचूतलं तेल निघून भेगा उघड्या पडतात. मशीनला डिगॅस म्हणून बटण आहे. नवीन पाणी भरलं की आधी ते चालवायचं, पाण्यातली हवा काढायची, मगच माल टाकायचा. हवा राहिली तर मशीन चालतं पण मळ निघत नाही. तुमच्या टाकीतपण असंच करतात का?

गारपीट

चांदीवाला, फार मोलाचा प्रश्न विचारलात. उत्तर तुम्हाला विचित्र वाटेल: बरोबर उलट. मेगासॉनिक टाकीतल्या पाण्यातली सगळी हवा काढली तर कण जवळपास निघतच नाहीत.

तुमच्या मशीनमध्ये काम करतो तो फुटणारा बुडबुडा. ध्वनीच्या ताणाच्या अर्ध्या फेरीत बुडबुडा फुगतो, दाबाच्या अर्ध्या फेरीत कोसळतो. त्याच्या पोटात फक्त पाण्याची वाफ असेल तर तो पुरता कोसळतो आणि जबरदस्त झटका देतो. पोटात हवा असली तर ती गादीसारखी आड येते. म्हणून तुम्ही डिगॅस करता आणि ते योग्यच आहे.

१ मेगाहर्ट्‌झला अर्धी फेरी अर्ध्या मायक्रोसेकंदाची. एवढ्या वेळात निव्वळ पाण्यातून बुडबुडा जन्माला घालणं कठीण. आधीच विरघळलेला वायू असेल तर त्यातून बारीक बुडबुडे तयार होतात, न फुटता आकुंचन-प्रसरण पावत राहतात आणि स्वतःभोवती पाण्याच्या चिमुकल्या भोवऱ्या फिरवतात. कण सुटतो तो मुख्यतः या भोवऱ्यांमुळे, असं माझं मत आहे. आमच्या क्षेत्रात यावर बरेच वाद झाले, पण वायू काढला की सफाई ढासळते यावर दुमत नाही.

जुना_मास्तर

गारपीट यांच्या म्हणण्याला आकड्यांचा आधार देतो. मार्सेल मिनार्ट यांनी १९३३ मध्ये पाण्यातल्या बुडबुड्याच्या नादाचं गणित मांडलं. सामान्य दाबाला त्रिज्या गुणिले वारंवारता सुमारे ३.३ मीटर प्रति सेकंद येते. ४० किलोहर्ट्‌झला प्रतिसाद देणारा बुडबुडा सुमारे ८० मायक्रॉन त्रिज्येचा, म्हणजे जाड केसाहून मोठा. १ मेगाहर्ट्‌झला ३ मायक्रॉनच्या आसपास. आकारमान त्रिज्येच्या घनाने बदलतं, म्हणजे पहिल्याच्या पोटात दुसरे हजारोंनी मावतील. झटक्यातला फरक यावरून लक्षात यावा. कोसळत्या पोकळीचं मूळ गणित लॉर्ड रॅले यांचं, १९१७ चं. तेव्हा जहाजांचे पंखे बुडबुड्यांनी खराब होत होते, तो प्रश्न समोर होता.

चाफेकळी

मास्तर, हे वर्गात शिकवलं असतंत तर मी भौतिकशास्त्र सोडलं नसतं. पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत).

मृद्गंध

गारपीट ताई, मी पुण्यात एका प्रयोगशाळेत मेम्सवर (सिलिकॉनमध्ये घडवलेली सूक्ष्म यांत्रिक उपकरणं) पीएचडी करतोय. दाबाचे संवेदक बनवतो, त्यात सिलिकॉनचा २० मायक्रॉन जाडीचा पडदा असतो, दीड-दोन मिलिमीटर बाजूचा. आधी ४० किलोहर्ट्‌झच्या टाकीत धुवायचो, पडदे तडकायचे. म्हणून जुनी वापरलेली मेगासॉनिक टाकी घेतली, ९५० किलोहर्ट्‌झची. आता पडदे शाबूत आहेत पण कण निघत नाहीत. निघतात ते फक्त वेफरच्या मधल्या भागात थोडेसे. दोन्ही कडांना वरपासून खालपर्यंत पट्टा तसाच मळका. पॉवर वाढवून पाहिली, फरक नाही. पाणी उत्तम आहे, १८.२ मेगोम-सेंमीचं (म्हणजे क्षार जवळपास नसलेलं), थेट शुद्ध पाण्याच्या प्लँटच्या लूपमधून, म्हणजे फिरत्या नळातून येतं. पाण्यावर उंचवटे नीट दिसतात, तुमचा लेख वाचून मुद्दाम पाहिले.

जुना_मास्तर

पडदे तडकण्याचं कारण आधी. एवढ्या पडद्याची हवेतली नैसर्गिक वारंवारता १०० किलोहर्ट्‌झच्या अलीकडे-पलीकडे येईल. पाण्यात बुडवला की दोन्ही बाजूंचं पाणी त्याच्याबरोबर हलतं, म्हणून ती आणखी खाली उतरते आणि ४० किलोहर्ट्‌झच्या शेजारी येऊ शकते. म्हणजे टाकी त्याला नेमक्या त्याच्याच तालावर हलवत होती. वर बुडबुड्यांचे फटके वेगळेच. ९५० ला तो ताल जुळत नाही.

गारपीट

मृद्गंध, दोन वेगळे दोष दिसताहेत, ते एकत्र करू नका.

कडांचे पट्टे म्हणजे सावली. पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण १५०० मीटर. ४० किलोहर्ट्‌झला तरंगलांबी सुमारे ३७ मिलिमीटर, ती कॅसेटच्या दांड्यांना वळसा घालून पलीकडे जाते. ९५० ला जेमतेम दीड मिलिमीटर. ती वळत नाही, प्रकाशासारखी सरळ जाते आणि आडव्या आलेल्या प्रत्येक गोष्टीची सावली पाडते. तुमची कॅसेट जुन्या अल्ट्रासॉनिक टाकीची, जाड प्लास्टिकच्या भिंतींची असणार. मेगासॉनिकला खाली मोकळी, बारीक दांड्यांची क्वार्ट्‌झची कॅसेट लागते. ती मिळेपर्यंत वेफर धुताना आडवे पुढे-मागे सरकवत राहा. आरसीएच्या पहिल्या यंत्रातही वेफर ध्वनीच्या झोतासमोरून सरकवत होते.

मधल्या भागातही सफाई अर्धवट आहे, त्याचं मूळ मला पाण्यात दिसतं. प्लँटच्या शेवटी डिगॅसिफायर (पाण्यात विरघळलेला वायू काढणारं यंत्र) आहे का ते विचारा. बहुतेक ठिकाणी असतो, कारण पाण्यातला ऑक्सिजन उघड्या सिलिकॉनवर डाग पाडतो. साध्या हवेशी समतोलात असलेल्या पाण्यात २५ अंशाला लिटरमागे सुमारे ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. डिगॅसिफायरनंतर तो मायक्रोग्रॅमच्या पट्टीत जातो आणि नायट्रोजनही जातो. तुमच्या टाकीत बुडबुडे व्हायला काही शिल्लकच राहिलेलं नाही. अशा वेळी पॉवर वाढवून फक्त पाणी तापतं.

चांदीवाला_हुपरी

म्हणजे आमच्या मशीनचं जे गुण तेच यांच्या टाकीचं दुखणं. भावा, तुझ्या लूपमधल्या पाण्याला आमच्या मशीनमध्ये पाठवून दे, डिगॅसचा वेळ वाचेल.

हायड्रोफोन

मी जर्मनीत ड्रेस्डेनला आहे, सिंगल-वेफर, म्हणजे एका वेळी एकच वेफर धुणाऱ्या यंत्रांवर काम करतो. गारपीट यांनी लिहिलंय ते टाकीबद्दल पूर्ण मान्य, पण या चर्चेत नुकसानीचा विषय यायला हवा. तोच माझ्या रोजच्या कामाचा मोठा भाग आहे.

सगळे बुडबुडे शिस्तीत थरथरत नाहीत. १ मेगाहर्ट्‌झलाही त्यातले काही कोसळतात. याचा पुरावा डोळ्यांनी दिसतो. १९३४ मध्ये कलोनमध्ये फ्रेन्झेल आणि शुल्टेस यांना ध्वनी सोडलेल्या पाण्यात मंद प्रकाश आढळला, कोसळणाऱ्या बुडबुड्यांतून येणारा. अंधारात मेगासॉनिक टाकीतही संवेदनशील कॅमेऱ्याला तो दिसतो. असा एक बुडबुडा वेफरवर कोरलेल्या नक्षीतल्या उंच, सडपातळ रेघेशेजारी कोसळला की रेघ मोडते. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर रांगेतल्या सगळ्या रेघा ताठ उभ्या आणि मधेच एक आडवी पडलेली, तिचा तुकडा पलीकडच्या दोघींना टेकलेला. कण काढायला गेलो आणि त्याहून मोठा कचरा स्वतःच केला. रेघा ७० नॅनोमीटरच्या खाली आल्या तेव्हापासून हे दुखणं वाढत गेलं. म्हणून पुढारलेल्या लॉजिक (प्रोसेसरसारख्या चिपच्या) फॅबमध्ये रेघा उघड्या असतात त्या पायऱ्यांवर बऱ्याच जणांनी मेगासॉनिक बंद करून नायट्रोजन आणि पाण्याचा बारीक फवारा धरला. माझ्या मते तिथे टाकीचे दिवस सरले.

गारपीट

रेघांच्या पायऱ्यांवर टाकीचे दिवस सरले, हे मान्य. मेगासॉनिकचे सरले असं मात्र मी म्हणणार नाही. वेफर कारखान्यातून फॅबकडे निघण्याआधी शेवटचं धुणं, सीएमपीनंतरची (वेफर घासून सपाट केल्यानंतरची) स्लरी, म्हणजे घासण्याचं द्रावण, काढणं, फोटोमास्क (नक्षीचे काचेचे साचे) धुणं, ही कामं आजही ध्वनीवर चालतात. सपाट पृष्ठभागावर मोडायला काही नसतं.

आणि बुडबुडा आवरण्याचे मार्ग आहेत. वारंवारता ३ मेगाहर्ट्‌झपर्यंत नेली की बुडबुडे आणखी लहान, झटका आणखी कमी. पाण्यात थोडा कार्बन डायऑक्साइड विरघळवला तर तुम्ही म्हणता तो प्रकाश जवळपास विझतो आणि रेघा मोडणंही घटतं. एसीएम रिसर्च या कंपनीचं टेबो तंत्र तर बुडबुड्याला कोसळूच न देता थरथरत ठेवण्यासाठी ध्वनी ठरावीक वेळाने तोडत-जोडत राहतं. मोडण्याच्या भीतीने ध्वनी सोडून देण्यापेक्षा बुडबुड्याचा स्वभाव ओळखण्यात मेहनत घालावी, या मताची मी आहे.

हायड्रोफोन

कार्बन डायऑक्साइडचा अनुभव आम्हालाही चांगला आहे. फक्त एससी-१ मध्ये तो चालत नाही, अमोनियाशी संयोग पावून संपतो. साध्या पाण्यातच उपयोग. टेबोबद्दल तुमचा मुद्दा मान्य, माझं वाक्य जरा सरसकट होतं.

आडवाटेचा

धागा वाचनखूण साठवला आहे. भारतात हे काम सध्या कुठे चालतं?

गारपीट

मोहालीची सेमी-कंडक्टर लॅबोरेटरी, तिथे २०० मिलिमीटरच्या वेफरवर १८० नॅनोमीटर तंत्र चालतं. संशोधनासाठी आयआयटी मुंबई आणि बंगळुरूच्या आयआयएससीच्या क्लीनरूम आहेत, तिथे विद्यार्थी आरसीए पद्धतीने वेफर धुतात. धोलेऱ्याला टाटा आणि तैवानची पीएसएमसी यांचा प्रकल्प महिन्याला ५० हजार वेफरसाठी आखला आहे, २८ ते ११० नॅनोमीटर तंत्रांचा. तिथे धुण्याच्या खात्यात मोठी भरती लागणार. रसायनशास्त्र आणि इन्स्ट्रुमेंटेशन शिकणाऱ्या मुलांनी याकडे जरूर पाहावं. डिप्लोमावाल्यांनीही.

मृद्गंध

ताई, प्लँटवाल्यांना विचारलं. डिगॅसिफायर आहे, आमच्या टाकीच्या बरोबर आधी. त्यांनी मला वेगळी तोटी काढून दिली आणि मध्ये मेम्ब्रेनचा काँटॅक्टर (पातळ पडद्यातून पाण्यात वायू विरघळवणारं उपकरण) बसवून नायट्रोजन सोडला. दोन कोरे वेफर, तेच द्रावण, तीच पॉवर: एक जुन्या पाण्यात, एक नव्या. कणांचे नकाशे शेजारी ठेवले तर कुणीही ओळखेल. जुन्यावर ठिपक्यांची दाटी, नव्यावर मधला भाग जवळजवळ कोरा. कडांचे पट्टे मात्र दोन्हीवर आहेत, म्हणजे ते दोष वेगळे हे तुमचं म्हणणं बरोबर. वेफर सरकवायची सोय करतोय. पडदे एकही तडकला नाही. नायट्रोजनऐवजी साधी हवा सोडली असती तर चाललं असतं का? आमच्याकडे हवेची लाईन आधीच आहे.

गारपीट

छान काम केलंत. कणांपुरतं हवेनेही चाललं असतं, पण नायट्रोजनच ठेवा. तुमच्याकडे हायड्रोफ्लोरिक आम्लाने ऑक्साइड काढून सिलिकॉन उघडं ठेवण्याची पायरी असणार. त्यानंतरच्या धुण्यात ऑक्सिजन आला की वाळताना गोल डाग पडतात, आणि प्लँटवाल्यांनी डिगॅसिफायर बसवला तो त्यासाठीच. नायट्रोजनने बुडबुडेही मिळतात आणि डागही टळतात.

आता थोडं इतर. एससी-१ मधलं पेरॉक्साइड उष्णतेने आणि लोखंड-तांब्याच्या अंशानेही विघटित होतं. त्यातून ऑक्सिजनचे मोठे बुडबुडे निघून वेफरला चिकटतात, ध्वनी विखुरतात. टाकी नुसती उभी असतानाही उकळल्यासारखी दिसली तर द्रावण बदला. आणि पेरॉक्साइड संपलेली टाकी चालू ठेवू नका, उरलेला अमोनिया सिलिकॉनच कोरायला लागतो, तुमच्या २० मायक्रॉनच्या पडद्याला ते परवडणार नाही.

टाकी जुनी आहे म्हणून शेवटचं: बाहेरच्या टाकीत पाणी असल्याशिवाय पॉवर देऊ नका. ध्वनीला बाहेर जायला वाट मिळाली नाही की सगळी ऊर्जा सिरॅमिकमध्येच उष्णता होऊन राहते, पट्टी तापते आणि डिंक सुटतो. पाण्याच्या पातळीचा स्विच आहे का ते बघा. नसेल तर कॅसेटच्या आधी तो बसवा.

मृद्गंध

स्विच आहे, पण आधीच्या मालकाने त्याच्या दोन वायर जोडून ठेवल्यात. उद्या पहिलं काम तेच.